छतावरच्या दिव्याचं झाकण: बिजागरी आणि खटक्यांची पारख

छताच्या दिव्याची खरेदी वॅट, प्रकाशाचा रंग आणि वॉरंटी बघून होते. झाकण कशावर लटकतं आणि कशानं बंद राहतं, हे दुकानात कोणी उघडून बघत नाही. पुढे कधीतरी दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, जातो. वायरमन एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं खटका सोडवतो आणि पावणेदोन किलोची चौकट थेट त्याच्या मनगटावर येते. म्हणून झाकण तपासताना आम्ही तीनच गोष्टी बघतो. शिडीवरचा एकटा माणूस ते एका हातानं उघडू शकतो का? उघडल्यावर कोणी न धरता ते लटकून राहतं का? परत लावल्यावर खाली उभ्या माणसाला ते नीट बसलंय की नाही हे दिसतं का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर दिवा कितीही चांगला असला तरी फिटिंग घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कपाटाचं दार उभं असतं. त्याचं वजन बिजागरी पेलते, खटक्यानं दार फक्त लोटलेलं ठेवायचं. छताचं झाकण आडवं असतं. बंद असताना निम्मं वजन बिजागरीवर आणि निम्मं खटक्यावर, तेही दिवसरात्र. उघडलं की सगळं बिजागरीवर, आणि हातातून सुटून खाली झुललं तर झटक्यासकट. झाकणं पडतात त्यामागे बहुतेक वेळा हीच चूक असते: कपाटाच्या हिशेबानं केलेला माल छताला लागलेला असतो.

नाशिकच्या शालिमार, रविवार कारंजा, एम.जी. रोड या बाजारपेठेत आज जास्त खप सीलबंद एलईडी पॅनलचा आहे. त्याचं झाकण उघडायचंच नसतं. बिघडला की अख्खा पॅनल बदलायचा. त्याबद्दल इथे काही म्हणायचं नाही. पण दवाखाने, शाळा, बँका, स्वयंपाकघरं, शीतगृहं आणि द्राक्षांची पॅकहाउस इथे उघडणारं झाकण अजून आहे आणि राहणार आहे. ही पारख त्या झाकणांची.

दोन बाय दोनची चौकट

फॉल्स सिलिंगच्या टी-ग्रिडमध्ये, म्हणजे छताखालच्या पट्ट्यांच्या जाळीत, बसणारी ही सर्वांत ओळखीची फिटिंग. म्हणायला दोन बाय दोन फूट, प्रत्यक्ष माप ५९५ बाय ५९५ मिमी. चोक आणि ट्यूब जाऊन आत एलईडी ट्यूब किंवा पट्ट्या आल्या, पण बऱ्याच ठिकाणी खोकं आणि चौकट जुनीच आहे.

आधी वजन. ६०० बाय ६०० ची ३ मिमी जाड अ‍ॅक्रिलिक शीट साधारण १.३ किलो भरते, २ मिमीची ८५० ग्रॅमच्या आसपास. ०.६ मिमी पत्र्याची चौकट अर्ध्या किलोच्या थोडी वर. म्हणजे ३ मिमी शीटचं झाकण १.८ किलो. त्याच चौकटीत ४ मिमी काच घातली तर नुसती काच साडेतीन किलोच्या पुढे जाते. दिसायला छान म्हणून काच घालून मागणारे बरेच असतात. पण अ‍ॅक्रिलिकच्या हिशेबानं केलेल्या बिजागरीवर तो दुपटीहून जास्त भार आहे, आणि फुटली तर खाली माणसं बसलेली असतात. छताच्या उघडणाऱ्या चौकटीत साधी काच नको.

या फिटिंगला वेगळी बिजागरी नसते. चौकटीच्या एका बाजूला पत्र्याच्याच दोन जिभा वाकवलेल्या असतात, त्या खोक्याच्या खाचांत अडकतात. समोरच्या बाजूला दोन खटके. ही रचना स्वस्त आहे आणि नीट केली तर उत्तम आहे. फरक जिभेच्या आकारात असतो. साधी काटकोनात वाकवलेली सरळ जीभ बंद झाकणाला पुरते, पण चौकट पूर्ण खाली लटकवली की ती खाचेतून निसटण्याच्या बेतात असते. मान अरुंद आणि डोकं रुंद असलेली जीभ असेल तर चौकट तिरकी धरूनच आत घालता येते, आणि एकदा लटकली की डोकं खाचेत अडतं. काढायची तर पुन्हा त्याच तिरक्या कोनात उचलावी लागते. आम्ही फक्त ही दुसरी जीभ मान्य करतो. दुकानात तपासणं अगदी सोपं: खोकं उलटं धरायला सांगा, चौकट सरळ खाली लोंबू द्या आणि तळहातानं दोन्ही दिशांना हलवा. निसटली तर घेऊ नका. घरी बसवल्यावर ती सुधारत नाही.

खाचा खोक्याच्या दोन्ही बाजूंना असतील तर आणखी चांगलं. भिंतीजवळच्या फिटिंगचं झाकण भिंतीकडे उघडायचं की खोलीकडे, हे बसवताना ठरवता येतं. भिंतीकडे उघडलं तर शिडी कुठे लावायची हा प्रश्न उरतोच.

जिभेचा दुसरा रोग पावडर कोटिंगमधून येतो. कोटिंगचा थर एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन. ०.६ मिमी जिभेला दोन्ही बाजूंनी थर चढला की ती ०.७४ होते, आणि खाचेच्या दोन्ही कडांवर तेवढाच थर बसून खाच ०.१४ नं अरुंद होते. पत्र्यात खाच ०.९ मिमीची कापली असेल तर ती कोटिंगनंतर चिकटून बसणारच. मग कारागीर ठोकून बसवतो, जिभेच्या मानेवरचा रंग उडतो आणि पावसाळ्यात गंज नेमका तिथून सुरू होतो. खाच किमान १.२ मिमी हवी. मानेच्या मुळाशी वाक अगदी टोकदार असेल, तर तोही नको. तोच पत्रा दोन-तीनदा मागेपुढे वाकवून ‘सरळ’ केला की तिथेच तुटतो. थोडा गोल वाक असलेली जीभ वर्षानुवर्षं टिकते.

आता खटके. पत्र्याचा चाप दाबून चौकट वर सारायची, ‘खट्’ आवाज आला की बसली, हा प्रकार सर्वांत जास्त. चाप स्प्रिंग स्टीलचा असेल तर हा खटका विश्वासाचा आहे. चौकटीच्याच साध्या पत्र्यातून वाकवून काढलेला असेल तर नाही. साधा पत्रा दाबला की थोडा दबलेलाच राहतो. दहा-बारा वेळा उघडझाप झाली की पकड जाते आणि चौकट एका कोपऱ्यातून खाली डोकावू लागते. दुकानात चाप अंगठ्यानं वीस वेळा पूर्ण दाबा. पहिल्या आणि विसाव्या वेळी तो त्याच जागी परत आला पाहिजे. विक्रेत्याला हे आवडणार नाही, पण याहून भरवशाची परीक्षा नाही.

स्टेनलेसचा चाप असेल तर अनेक जण लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटला की ‘नकली’ म्हणतात. चापाच्या बाबतीत ही कसोटी फसवी आहे. ३०१ किंवा ३०४ प्रतीचा पत्रा थंड अवस्थेत ताणून, लाटून कडक केला की त्यात थोडं चुंबकत्व येतं, आणि चापाला कडकपणा तर हवाच. हलकं चिकटणं हा दोष नाही. साध्या लोखंडासारखं घट्ट चिकटलं तर शंका घ्यावी.

खटका मधोमध एकच असेल तर ती फिटिंग टाळा. कोपरे लोंबतात, फटीतून प्रकाशाची रेघ दिसते आणि पहिल्या पावसात पंखवाले किडे आत जाऊन शीटवर साचतात. खटके दोन हवेत आणि प्रत्येक कोपऱ्यापासून १०० ते १२० मिमीवर हवेत. ज्याच्या चौकटीला आतून ३ मिमीची फोमची पट्टी असेल, त्याला एक गुण जास्त.

खटके चांगले असूनही एक बसतो आणि दुसरा बसत नाही, असं झालं तर खटक्याला दोष देण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ५९५ च्या चौकोनाचा कर्ण ८४१ मिमी येतो. दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट पिळलेली आहे. ती वाहतुकीत पिळते, किंवा झाकण एका कोपऱ्याला धरून ओढल्यानं. बंद करतानाही शीटच्या मध्यावर पंजा टेकून ढकलू नये. आधी एका खटक्याखाली, मग दुसऱ्या खटक्याखाली चौकटीच्या कडेवर दाब द्यावा.

शीट चौकटीत किती मोकळी आहे, हेही बघायला हवं, कारण त्याचा थेट भार खटक्यावर येतो. अ‍ॅक्रिलिक लोखंडाच्या जवळपास सहापट फुगतं. नाशिकच्या थंडीतली पहाट १० अंशांची आणि मे महिन्यात स्लॅबखालची दुपार ४५ अंशांची धरली, तर १२०० मिमी लांबीची शीट सुमारे ३ मिमी वाढते. तेवढ्याच लांबीचा पत्रा अर्धा मिमी. चार फुटी चौकटीत लांबीच्या दिशेनं एकूण ३ मिमी मोकळीक नसेल तर शीट उन्हाळ्यात कमान होते, चौकटीला बाहेर रेटते आणि खटके आपोआप सुटतात. ‘दुपारी झाकण आपोआप उघडतं’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. दोन फुटी चौकटीला दीड मिमी पुरे. शीट चौकटीला चिकटवलेली असेल तर ती फिटिंग घेऊच नका.

शीट अ‍ॅक्रिलिकची की स्वस्त पॉलिस्टायरिनची, हे ओळखायला नखानं टिचकी मारा. पॉलिस्टायरिन पत्र्यासारखं टणटणीत वाजतं. ते लवकर पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. झाकण खाली झुलताना कोपरा आपटला की तडा ठरलेला.

एवढं सगळं जमलेली दोन बाय दोनची फिटिंग कार्यालयासाठी आमची पहिली पसंती आहे. तिला वेगळा सुटा भाग लागत नाही, हत्यार लागत नाही, आणि जीभ-खाच बरोबर असेल तर बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही. एक अट मात्र आहे. झाकण उघडल्यावर आतल्या जोडण्या उघड्या दिसत असतील, तर हातानं उघडणारा खटका नको. पेचकस लावल्याशिवाय न उघडणाराच हवा. आणि काहीही असलं तरी आधी एमसीबी खाली.

जीभ तुटलेल्या चौकटीला नवी बिजागरी

खोकं धडधाकट असतं आणि जिभा तुटलेल्या असतात, तेव्हा अख्खी फिटिंग फेकायची गरज नाही. मात्र शहरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत सुटे खटके मागून फारसा उपयोग होत नाही. तिथे पूर्ण फिटिंग विकतात. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतीत विजेच्या कंट्रोल पॅनलची कपाटं बनवणाऱ्यांना लागणारं हार्डवेअर मिळतं: छोट्या बिजागऱ्या, फिरत्या जिभेचं कॅम लॉक, फट बंद करणारं आणि मीटरवर मिळणारं गॅस्केट. पत्रा कापून वाकवून देणारेही तिथेच. पॅनलचा हा माल चांगला असतो, फक्त तो उभ्या दारासाठी केलेला असतो हे विसरायचं नाही.

सर्वांत मोठी चूक काढघाल बिजागरीची. पॅनलच्या उभ्या दारात वरचा भाग खालच्या पिनवर बसतो आणि स्वतःच्या वजनानं तिथेच राहतो. छताच्या झाकणात पिन आडवी होते. मग चौकट बाजूला सरकली की दोन्ही पिनांवरून एकदम निसटते, अडवायला काहीच नसतं. लावायचीच असेल तर एक डावी आणि एक उजवी घेऊन पिना एकमेकींकडे तोंड करून बसवा, म्हणजे सरकायला जागा उरत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे स्प्रिंगची पिन असलेली बिजागरी: पिन आत ओढली की चौकट निघते, सोडली की अडकते. आणि झाकण कधी पूर्ण काढायचंच नसेल तर पक्क्या पिनेची दोन इंची स्टेनलेस बिजागरी सर्वांत बिनधोक.

काम असं करावं. लाइन बंद करून चौकट खाली उतरवा आणि सपाट टेबलावर कर्ण मोजून घ्या. पिळलेल्या चौकटीवर नवी बिजागरी लावणं फुकट आहे. दोन बिजागऱ्या, प्रत्येक कोपऱ्यापासून १०० मिमीवर. दोन्हींच्या पिना एका रेषेत आहेत का, हे लांब पट्टी टेकवून बघा. मिमीभर फरक असला तरी झाकण अडखळत उघडतं आणि दर वेळी रिबिटांना पीळ बसतो. ०.६ मिमी पत्र्यात स्क्रू चालत नाहीत. आट्यांना पकडायला पत्राच पुरत नाही, आटे जातात. ३.२ मिमीचे पॉप रिबिट वापरा, भोक ३.३ मिमी. पत्र्याच्या मागे वायसर घातलं तर भार पसरतो. दमट जागी स्टेनलेस बिजागरीला अ‍ॅल्युमिनियमचे रिबिट लावू नका. दोन धातूंच्या जोडीत ओल आली की अ‍ॅल्युमिनियम आधी खातं, आणि ते तर इथे सर्वांत लहान तुकडा आहे. रिबिटही स्टेनलेसचेच हवेत. भोकाच्या कडेची बर (धारदार कंगोरा) काढून उघड्या पत्र्याला रंगाचा हात द्या.

मग सुरक्षा दोरी. दीड मिमीची स्टेनलेस वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली फेरूल (धातूची छोटी नळी). एक टोक चौकटीला, दुसरं खोक्याला. टी-ग्रिडला बांधलेल्या दोरीचा काही उपयोग नाही, कारण ग्रिडसकट खाली येईल. लांबी अशी ठेवा की झाकण सरळ लटकायच्या थोडं आधी दोरी ताणली जाईल, म्हणजे झटका बिजागरीच्या टोकावर येत नाही. खोकं स्वतः तरी कशावर आहे, हेही या निमित्तानं बघून घ्या. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून स्लॅबला स्वतंत्र तार गेलेली हवी. चौकटीवर वायरिंगचा कोणताही भाग बसवला असेल तर अर्थिंगची वेगळी लवचिक तार द्या. पावडर कोटिंग केलेल्या बिजागरीतून अर्थिंग मिळेल असं धरून चालू नये.

क्वार्टर टर्न

पेचकसानं पाव फेरा फिरवला की आतली जीभ, म्हणजे कॅम, खोक्याच्या कडेवर चढते आणि चौकटीला वर खेचते. दवाखाने, औषधनिर्मिती, जिथे धूळ आत जायला नको अशा ठिकाणी हाच खटका हवा, कारण चाप फक्त धरून ठेवतो, कॅम गॅस्केट दाबतो. दोन बाय दोनला चार कॅम पुरतात. नुसत्या दोन कॅमवर गॅस्केट मधल्या भागात दबत नाही.

यात बिघडतं ते नट. मागचा नट साधा असेल तर वीस-पंचवीस उघडझापीत ढिला होतो. मग पेचकस फिरतो, पण कॅम जागीच राहतो, किंवा बंद वाटतं आणि कॅम अर्धवट चढलेला असतो. नायलॉन नट किंवा स्प्रिंग वायसर असल्याची खात्री करून घ्या. भोक दोन बाजूंनी सपाट असलं पाहिजे, म्हणजे लॉकचा देह फिरत नाही. गोल भोकात बसवलेलं लॉक परत पाठवा. आणि फेरा ९० अंशांवर अडलाच पाहिजे. गोल गोल फिरणारा कॅम बंद आहे की उघडा, हे कोणालाच सांगता येत नाही.

गॅस्केटच्या बाबतीत ‘जेवढं घट्ट तेवढं चांगलं’ हा समज चुकीचा आहे. ५ मिमीची फोम पट्टी बंद झाल्यावर ३ ते साडेतीन मिमी राहिली पाहिजे. त्याहून जास्त दाबली तर ती दबलेलीच राहते, आणि पुढच्या वेळी झाकण उघडून लावलं की फट पडते. जास्त खोल ओढणारा कॅम हा गुण नाही.

बसवताना सगळ्या कॅमच्या चिरा बंद स्थितीत एकाच दिशेला येतील अशा लावाव्यात. मग खाली उभं राहून नुसती नजर टाकली तरी कोणता उघडा राहिलाय ते दिसतं. फुकट होणारं काम आहे आणि फार थोड्या ठिकाणी केलेलं दिसतं. जस्ताच्या ओतीव लॉकला आमची पसंती, प्लास्टिकच्या नाही: पेचकसानं चीर झिजते.

बाकीचे, थोडक्यात

बाथरूम-जिन्यातला फिरवून बसवायचा गोल घुमट घरासाठी ठीक आहे. बिजागरी नाही, तीन कान. अर्धवट फिरवलेला घुमटही तात्पुरता टिकतो आणि मग पडतो, म्हणून शेवटचा अडथळा हाताला जाणवेपर्यंत फिरवा. एक कान तुटला की घुमट बदला, चिकटपट्टी लावू नका.

तीन स्क्रूंवर धरलेल्या काचेच्या वाडग्यात स्क्रू काचेला आवळू नयेत. टेकल्यावर किंचित मागे घ्यावेत, टोकांना रबरी टोप्या असाव्यात. तिन्ही सारखेच आवळायचे.

जिप्सममधल्या गोल दिव्याच्या स्प्रिंगा चांगल्या असतात, पण भोक मोठं कापलं असेल तर कोणतीही स्प्रिंग काम करत नाही. भोक दिव्याच्या पत्रकात दिलेल्या मापाचंच.

लोहचुंबकाचं झाकण मोहात पाडतं. खटका दिसत नाही, उघडायला सोपं. पण चुंबक बहुधा चिकटवलेला असतो, आणि छताजवळच्या उष्णतेत चुंबकाआधी चिकट पदार्थ सोडतो. चुंबक पत्र्याच्या खिशात अडकवलेला असेल आणि दोरी असेल तरच. कपाटाचा बॉल कॅचर (स्प्रिंगच्या गोळीचा खटका) लावलेलं झाकण कोणत्याही अटीवर नको.

चार बाय एकच्या लांब चौकटीला पूर्ण लांबीची पियानो बिजागरी असेल तर ती घ्याच. वजन सगळीकडे सारखं पसरतं, चौकट लचकत नाही. रिबिट दर १०० मिमीला हवेत.

सीलबंद चार फुटी पट्टी आणि द्राक्षांची पॅकहाउस

पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागात जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या पॅकिंगची धांदल असते. टेबलावरच्या दिव्यातून काहीही खाली पडू नये म्हणून तिथे पॉलिकार्बोनेटच्या झाकणाची, आयपी ६५ दर्जाची दिव्याची पट्टी लावतात. ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला तोंड देणारी. हा दर्जा झाकण गॅस्केटवर सगळीकडे सारखं दाबलेलं असेल तेव्हाच खरा, आणि ते दाबायचं काम दोन्ही बाजूंच्या क्लिपा करतात.

चार फुटी पट्टीला एका बाजूला पाच क्लिपा असतील तर दोन क्लिपांमधलं अंतर अडीचशे मिमीच्या आसपास येतं. एक क्लिप गेली की अर्ध्या मीटरचा भाग मोकळा राहतो, झाकण तिथे लवतं आणि धुताना पाणी आत शिरतं. ‘एका क्लिपनं काय होतंय’ म्हणू नये. या पट्टीत एका क्लिपनंच सगळं होतं.

प्लास्टिकची क्लिप की स्टेनलेसची? कोरड्या गोदामात प्लास्टिक चालेल. पॅकहाउसला आणि शून्याच्या आसपास तापमान असलेल्या शीतगृहाला स्टेनलेसच घ्या, कारण थंडीत स्वस्त प्लास्टिक ठिसूळ होऊन वळणाच्या जागी तुटतं. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी क्लिप तर द्राक्षांच्या शीतगृहात अजिबात नको. पेट्यांत ठेवलेल्या पॅडमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो, तो हवेतल्या ओलाव्यात मिसळून आम्लधर्मी होतो आणि जस्ताचा थर खातो. त्यानंतर लोखंड गंजायला वेळ लागत नाही. हेच बिजागरीच्या पिनांना आणि रिबिटांनाही लागू.

याहून महत्त्वाचं म्हणजे क्लिप देहाला अडकलेली असावी. सुटी निघून हातात येणारी क्लिप शिडीवरून खाली क्रेटमध्ये पडू शकते, आणि द्राक्षांच्या पेटीत स्टीलचा तुकडा जाणं ही साधी बाब नाही. उघडली तरी देहालाच लोंबत राहणारी क्लिप थोडी महाग पडली तरी पॅकहाउससाठी आम्ही दुसरा पर्याय सुचवणार नाही. आणि एका बाजूच्या क्लिपा सोडून दुसऱ्या बाजूच्या क्लिपांवर झाकण लटकवायची जी सवय आहे, ती मोडायला हवी. त्या क्लिपा दाबण्यासाठी आहेत, बिजागरी म्हणून नाहीत. चापाचं वळण फाकतं आणि पुढे तिथेच गळतं. झाकणाला आतून दोन लवचिक पट्ट्या असलेली फिटिंग घ्या, झाकण त्यांवर लोंबतं.

लावतानाचा क्रम असा: गॅस्केट ओल्या फडक्यानं पुसा, खोबणीतून वर आलेलं असेल तर बोटानं बसवा. झाकण टेकवून मधली क्लिप आधी, तिच्या समोरची लगेच, मग मधून टोकांकडे, एकदा इकडे एकदा तिकडे. टोकांकडून सुरुवात केली तर मध्ये फुगवटा राहतो आणि शेवटची क्लिप जोर लावून बसवावी लागते. जोर लागतोय म्हणजे गॅस्केट कुठेतरी दुमडलं आहे. क्लिप ठोकू नका, उघडून बघा.

झाकणात पाण्याचे थेंब दिसले की सगळे क्लिपांवर संशय घेतात. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, बंद झाल्यावर निवते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. शीतगृहाच्या दारापाशी हे रोज घडतं. थेंब झाकणावर सगळीकडे सारखे असतील तर केबल ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली बूच, तपासा: केबलला बसणाऱ्या मापाचं आहे का, आवळलेलं आहे का. पाणी एकाच जागी साचत असेल तर जवळची क्लिप किंवा गॅस्केट.

पुसायला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस. पॉलिकार्बोनेटला थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल किंवा तीव्र क्षाराचं क्लीनर लागलं की क्लिपच्या जागी, जिथे ताण आधीच आहे, तिथून बारीक चिरा पडतात. अ‍ॅक्रिलिकवर स्पिरिटही नको. क्लिप कडक झाली म्हणून तेलाचा फवाराही मारू नये, तो उडून प्लास्टिकवर आणि गॅस्केटवर बसतो. क्लोरिनच्या पाण्यानं छत धुतलं असेल तर क्लिपांवरून साधं पाणी फिरवा. ३०४ स्टेनलेसलासुद्धा क्लोरिन साचून राहिलेलं मानवत नाही, बारीक खड्डे पडतात.

खरेदी करतानाच सुट्या क्लिपा आणि गॅस्केट मागून घ्या. दोन बनावटींची क्लिप दिसायला सारखी असली तरी एकमेकींना बसत नाही, आणि काही वर्षांनी तोच साचा बाजारात मिळेलच असं नाही. दर दहा फिटिंगमागे एका पूर्ण फिटिंगच्या क्लिपा आणि एक गॅस्केट हा हिशेब पुरतो. मोजणी डिसेंबरातच उरकावी: प्रत्येक पट्टीखाली उभं राहून दोन्ही बाजूंच्या क्लिपा मोजायच्या आणि फिटिंगच्या क्रमांकासमोर आकडा लिहून ठेवायचा, म्हणजे हंगामात एक जरी कमी भरली तरी ती कोणत्या टेबलावर पडली असेल ते लगेच कळतं.